पुढच्या दाराची सवय

दवाखान्याला मागे दारच नव्हतं, हे मला तासाभरानं कळलं. तोवर मी मागच्या भिंतीसमोर उभी होते.

सुईणींच्या वर्गाचा तो पहिला दिवस. नाशकातल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुईणींना शिकवायला सुरुवात केली होती, आणि आमच्या वस्तीतून माझं नाव गेलं होतं. मी वेळेआधीच पोचले. समोर चार पायऱ्या, दार सताड उघडं, आत सतरंजीवर बायका बसलेल्या दिसत होत्या. मी त्या पायऱ्या नीट पाहिल्या आणि इमारतीला वळसा घालून मागे गेले. मागे एक नळ होता, दोरीवर धुतलेल्या पट्ट्या वाळत होत्या, बाकी नुसती भिंत. मला वाटलं, कुणीतरी येईल, कुठून तरी दार उघडेल. शेवटी पट्ट्या गोळा करायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनीच मला पाहिलं.

"इथे काय करतेस तू?"

"आत बोलवायची वाट बघते, बाई."

"कुठून आत?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण आठवली की अजून कानशिलं तापतात. मला तिथे कुणी मागे जा म्हणालं नव्हतं. कुणी हटकलं नव्हतं, डोळे वटारले नव्हते. माझे पाय आपले आपण गेले. दुसऱ्यानं केलेला अपमान मी कधी मुकाट गिळला नाही. फटकळ म्हणून वस्तीत माझं नाव होतं. पण हा अपमान मी स्वतःच स्वतःचा करून घेतला होता, आणि भांडायचं म्हटलं तर समोर कुणी नव्हतं.

मागचं दार म्हणजे काय, ते आजकालच्या मुलींना सांगावं लागतं. जुन्या नाशकातल्या घरांना दोन दारं असत. पुढच्या दाराशी सडा आणि रांगोळी. मागचं दार बोळात उघडायचं, आणि त्या बोळात घराघरांच्या संडासांच्या टोपल्या. मैला उचलणारे तिथून यायचे आणि सुईणही तिथूनच यायची, कारण आम्ही अस्पृश्य. मूल आमच्या हातावर जन्माला यायचं, आणि तो हात त्या घाणीतून आत यायचा. माझ्या सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, चाळीस वर्षं हेच केलं होतं. त्यांच्या हाताला जो गुण होता तो मला कुठल्या वर्गात मिळाला नाही. पण पुढच्या दारानं आत गेलं की ती घरं कशी दिसतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

रामाच्या देवळापुढे आमची माणसं आत घ्या म्हणून जाऊन बसत होती आणि लाठ्या खात होती, तीच ही वर्षं. माझा नवरा रेल्वेत होता. सुटी मिळाली की तोही जायचा आणि सुजलेली पाठ घेऊन परत यायचा. त्याची पाठ शेकताना मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. पण खरं सांगायचं तर देवाचं मला तेवढं पडलेलं नव्हतं. देवाला काही आम्ही बाळंतपणात झेललं नव्हतं. या घरांतली निम्मी माणसं मात्र आत्याबाईंच्या हातावर आली होती, आणि त्यांची दारं बंद असावीत याची मला जास्त चीड होती.

वस्तीत एक मास्तर होते. आमच्यातलेच, मॅट्रिक झालेले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर सात-आठ जण जमायचे. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या कुणा प्रोफेसराचं नीतीवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते एकेक पान आम्हाला मराठीत सांगायचे. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक कीर्तनकार. खरं बोलावं, चांगलं वागावं, हे ऐकायला मला अमेरिका कशाला हवी?

पण ते पुस्तक तसं काही सांगत नव्हतं. मास्तरांच्या तोंडून मला जे समजलं ते असं, की माणूस बोलतो ते त्याचं मत नव्हे. विचार न करता त्याच्या हातून जे होतं, ते त्याचं खरं मत. ते बदलायचं तर डोक्याची समजूत घालून भागत नाही. वेगळं करून बघायचं, काय होतं ते उघड्या डोळ्यांनी पाहायचं, आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं. नियम जुना असो की आपण काल केलेला असो, त्यानं जिवंत माणसांचं काय होतं यावरच तो तोलायचा. मास्तर कुणाला तुझं मत काय असं विचारतच नसत. दर रविवारी प्रत्येकाला एवढंच विचारायचे: या आठवड्यात काय केलंस, आणि काय झालं?

मी भिंतीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मीही हसले, कारण सांगताना ती गोष्ट हसण्यासारखी होतेच. मास्तर तेवढे हसले नाहीत.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आता सगळ्या घरांत पुढच्या दारानं जाणार."

"सगळ्या म्हणजे कुठल्याच नाही. एक दार सांग."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. माझा तोरा त्यांनी एका वाक्यात उतरवला. पण घरी जाताना मी एक दार शोधू लागले, आणि ते मला दवाखान्याचंच सापडलं. तोवर मी डॉक्टरीणबाईंच्या पाठोपाठच आत जात होते; दुसऱ्या दिवशी मी त्या चार पायऱ्या एकटी चढले. छातीत धडधडत होतं, जसं काही मी चोरी करायला निघाले होते. आत कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. पुढच्या दिवशीही धडधडलं, त्याच्या पुढच्याही. पंधरा दिवसांनी एकदा आत जाऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आज पायऱ्यांकडे आपलं लक्षच नव्हतं. आधी धीर येतो आणि मग माणूस धिटाईनं वागतो, अशी माझी समजूत होती. ती उलटी होती. वागत राहिले तेव्हा कुठे धीर आला, आणि तोही उशिरा, रमतगमत.

मग मी रस्त्यांकडे वळले. बाजारातून येताना समोरून कुणी सोवळ्यातलं आलं की आमच्या बायका पदर आवरून भिंतीला चिकटायच्या. मी ठरवलं, रस्त्याच्या मधून चालायचं. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या, एकदा कुणीतरी मागून खडा मारला. पण चालायला लागले की कळतं, रस्ता पुरेसा रुंद असतो. समोरचा आपसूक बाजूला होतो, कारण विटाळाची भीती त्याला असते, मला नव्हे. पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. वाण्याच्या दुकानात वस्तू हातात द्या म्हटलं; त्यानं वरून टाकली, मी ती खालीच राहू दिली आणि तशीच परत आले. त्या दिवशी आमच्या घरी भाजीत मीठ नव्हतं, आणि नवऱ्यानं ती तशीच खाल्ली.

वर्ग संपला तेव्हा मला एक पत्र्याची पेटी मिळाली. तीत कात्री, दोरा, कापसाची गुंडाळी आणि कार्बोलिक साबण. डॉक्टरीणबाईंनी डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती: बाळंतिणी बाळंतपणानं कमी मरतात, घाणीनं जास्त मरतात. कात्री उकळा, हात कोपरापर्यंत धुवा, नखं कापा. हे सगळं ऐकताना मला तो बोळच दिसत होता. हात धुऊन त्या टोपल्यांमधून अनवाणी जायचं आणि बाळंतिणीच्या अंथरुणाशी बसायचं? ज्या दाराला ते शुद्ध म्हणत होते त्यानं मला येऊ देत नव्हते, आणि ज्यानं येऊ देत होते त्यानं त्यांच्याच लेकी मरत होत्या. यापुढे मागच्या दारानं कुठल्याही घरात पाऊल टाकणार नाही, असं मी ठरवलं.

आत्याबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या वाकळ शिवत होत्या.

"दार कंचं बी आसू दे," त्या म्हणाल्या. "प्वार त्याच्या वाटंनंच येतं."

"पण आत्याबाई, मी कुठल्या वाटेनं येते?"

"तू शिकलीस, आता तुला वाटा दिसाया लागल्या. आडलेली बाई वाटा बघत न्हाय."

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. पण मी हट्टाला पेटले होते. पहिल्या तीन घरांनी मला पुढच्या दारातूनच परत पाठवलं. एका विणकर मुसलमानाच्या घराला मात्र एकच दार होतं, तेव्हा प्रश्नच आला नाही; त्या घरच्या आजीनं मला कामाला बसायच्या आधी चहा दिला. आत्याबाई मात्र रोज बोलायच्या. बाळंतपणाला गेलं की सुपभर धान्य आणि लुगडं मिळायचं, ते थांबलं होतं. बोलावणी कमी झाली आणि आली तरी ती त्यांच्याच नावानं यायची.

मग परत पाठवणारं ते चौथं घर. पुढच्या दाराशी दोन वाक्यं झाली, त्यांनी नाही म्हटलं, मी ताठ मानेनं परत आले. वाटेत मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. त्यांनी दुसरी कुणी बाई आणली. तिनं हात न धुता बाळंतपण केलं आणि नाळ कापली ती घरातल्या विळीनं. नवव्या दिवशी बाळंतीण तापानं गेली. माझ्याहून लहान होती. मला हे कळलं ते बाजारात, मेथीची जुडी निवडताना.

रविवारी मास्तरांनी विचारलं, काय केलंस. मी सांगितलं. काय झालं, तेही सांगितलं.

"नियम तू केलास," मास्तर म्हणाले. "त्यानं काय झालं तेही तुलाच बघावं लागणार."

"म्हणजे मी तिला मारलं?"

"असं मी म्हटलं नाही. दार त्यांनी लावलं. पण तुझा नियम तुला परत तपासायला हवा."

मी उठून उभी राहिले. "तुमच्या त्या पुस्तकात बाळंतीण नाही, मास्तर. त्यात बोळ नाही, टोपल्या नाहीत. गोऱ्या माणसानं खुर्चीत बसून लिहिलंय. त्याला काय जातं तपासा म्हणायला?"

"नाही," मास्तर म्हणाले. "त्यात आपण कुणीच नाही."

मी तीन रविवार तिकडे फिरकले नाही. ती बाई माझ्या मनातून जात नव्हती. मागच्या दारानं गेले असते तर ती वाचली असती का, हे मला आजही माहीत नाही. पण मी नियम पाळला आणि मान ताठ ठेवली, एवढ्यानं माझं काम झालं असं मात्र मला पुन्हा कधी वाटलं नाही. आणि मागच्या दाराला शरण जायचं, हेही मनाला पटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन मी फिरत होते, आणि माझा स्वभाव पाहता घरच्यांचे त्या दिवसांत हालच झाले.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी एका वकिलांचा कारकून आत्याबाईंना बोलवायला आला. आत्याबाई कळवणला लेकीकडे गेल्या होत्या. वकिलांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आदल्या दिवसापासून कळा देत होती, आणि डॉक्टरीणबाई त्र्यंबकला गेलेल्या. मी पेटी उचलली. वकिलांना मी ओळखत होते. अस्पृश्यता गेली पाहिजे या विषयावर त्यांनी जाहीर सभेत तासभर भाषण केलं होतं, आणि मी सगळ्यांत मागे बसून ते ऐकलं होतं. भाषण चांगलं होतं. मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

पुढच्या दाराशी मुलीची आई आली. डोळे रडून लाल झाले होते.

"अगं थांब, थांब. इथून कुठे? मागून ये."

"बाई, मागे टोपल्या आहेत. आज उचललेल्याही नाहीत, मी येताना पाहिल्या. तिथून पाय भरवून घेऊन मी तुमच्या लेकीजवळ बसू?"

"आजवर सगळ्या तशाच आल्या."

"मग आजवर किती बाळंतिणी तापानं गेल्या, तेही आठवून बघा."

ओटीवर वकील येरझाऱ्या घालत होते. ते पुढे आले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. "हे बघ, माझा स्वतःचा याला काहीच विरोध नाही," ते म्हणाले. "तत्त्व म्हणून मला मान्यच आहे. पण घरात सोवळं आहे, मोठी माणसं आहेत. हे असं एकदम होत नसतं. हळूहळू होईल."

"मी तुमच्या सभेला होते, वकीलसाहेब."

तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. ओरडायचं त्राण संपल्यावर जो आवाज निघतो तो मी ओळखत होते. ती त्यांची लेक होती, पण त्या क्षणी वकील, त्यांची बायको आणि मी, तिघंही तिच्या आणि दाराच्या मध्ये उभे होतो.

मला मेथीची जुडी आठवली. मी मनाशी म्हटलं, नियम माझा आहे. माझ्यासाठी आहे. मी त्याच्यासाठी नाही. तो कशासाठी केला होता? बाया मरू नयेत म्हणून आणि माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मग दोन्ही साधेल असं काय करता येतं ते बघ. हे लिहायला वेळ लागतो, तेव्हा लागला नाही.

"मी मागून आत येते," मी म्हटलं. "पण आधी तुमच्या माणसाकडून टोपल्या हलवा. बोळात चुन्याचं पाणी ओता. मागच्या दाराशी कढत पाण्याची बादली ठेवा. आणि काम झालं की मी या दारानं बाहेर जाणार. आत्ताच सांगते, मग म्हणू नका."

"आधी तू आत ये तर," वकील म्हणाले. "ते नंतर बघू."

"नंतर नाही. हो की नाही?"

"हो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, बायकोकडे बघून.

मी बोळातून गेले. पाय चुन्यानं पांढरे झाले होते. ते कढत पाण्यानं धुतले, हात कोपरापर्यंत घासले आणि आत गेले. खोली अंधारी होती, शेगडीचा धूर कोंडलेला. मी खिडकी उघडायला लावली. मूल पायाळू होतं, पायांकडून येत होतं. अशा वेळी डॉक्टर हवा, हे मला शिकवलेलं होतं. आणि डॉक्टर नसेल तर काय करायचं नाही, तेही शिकवलेलं होतं. ओढायचं नाही. हात शिवशिवतात, भीती म्हणते ओढ, पण ओढायचं नाही. मुलीला मी पलंगाच्या कडेशी आणलं, तिच्या आईला तिची पाठ धरायला लावली. सोवळं-ओवळं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्या दोघींचे दंड एकमेकींना घासत होते, आणि ती बाई मला पुन्हापुन्हा विचारत होती, "जगेल ना गं? जगेल ना?"

"तुम्ही पाठ सोडू नका," मी म्हणत होते.

ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत ते चाललं. आधी पाय, मग कमर, मग कोमट फडक्यात धरलेलं सगळं अंग, मग एकेक हात, आणि शेवटी डोकं. मुलगी झाली. निळसर पडली होती. पाठीवर चोळलं, तोंड पुसलं, तेव्हा कुठे ती रडली. मग मी कढत पाण्यातली कात्री घेतली आणि नाळ कापली.

वार पडली, सगळं आवरलं, मी कात्री पुसून पेटी बंद केली. मुलीच्या आईनं मागच्या दाराची कडी काढली.

"मी पुढून जाते," मी म्हटलं.

"अगं, माजघरातून नको. देवघर आहे तिथे."

"साहेबांनी कबूल केलंय."

वकील माजघराच्या दारात आले. नात झाल्याचा आनंद तोंडावर होता, आणि त्यावरच पुन्हा ती जुनी अडचण पसरत होती. "त्या वेळची परिस्थिती वेगळी होती," ते म्हणाले. "तू समजूतदार आहेस. उगाच..."

मी चालायला लागले. ते दारात उभे होते, त्यांची बायको बाजूला, मागे आणखी दोन माणसं. चौघांनी मिळून एका बाईला अडवणं काही कठीण नव्हतं. पण अडवायचं तर मला हात लावावा लागला असता. मी दोन पावलांवर आले आणि वकिलांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते बाजूला झाले. सगळेच झाले. त्यांच्या नियमानं त्यांचेच हात बांधलेले होते. मी माजघरातून, देवघरासमोरून, ओटीवरून सरळ चालत गेले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण माझे पाय बरोबर चालले होते, आणि त्यांच्यावर मला विश्वास वाटत होता.

ओटीवर वळून मी म्हटलं, "उद्या सकाळी बाळाला न्हाऊ घालायला येते. तेल कोमट करून ठेवा. याच दारानं येईन."

मी पायऱ्या उतरते न उतरते तोच मागे पाण्याचा आवाज आला. उंबरा धुवायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा दार उघडं होतं. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. बाळाला आणि बाळंतिणीला माझी गरज होती; तेवढंच दार उघडं होतं. गेल्यावर पुन्हा मागे पाणी. असं रोज. मुलीची आई स्वतः घागर आणायची, आडाचं पाणी शेंदून. रविवारी मास्तरांकडे मी हे सांगितलं.

"मागून गेलीस म्हणून वाईट वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांनी पाठवलं असतं तर वाटलं असतं. मी माझ्या अटीवर गेले."

"आणि ते काय करतात?"

"उंबरा धुतात."

"बघत राहा," मास्तर म्हणाले.

सातव्या दिवशी मी बाहेर पडले आणि कान मागे ठेवून चालले. पाण्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर मुलीची आई नातीला खांद्यावर घेऊन ओटीवर थोपटत होती, आणि उंबरा कोरडा होता. ती विसरली होती. आठव्या दिवशी आठवलं, मग पुन्हा विसरली. तिचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. वकिलांचं तर आधीपासून बदललेलंच होतं, त्याचा कुणाला उपयोग नव्हता. बदलला तो तिचा हात, आणि तो दमून बदलला. मला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत.

नवव्या दिवशी मला गोदेपलीकडे पंचवटीत दुसरीकडे जायचं होतं. आत्याबाई परत आल्या होत्या. वकिलांच्या बाळाला न्हाऊ घालायला त्यांनीच जायला हवं होतं.

"मी आपली मागनं जाईन," त्या म्हणाल्या. "माझं वय झालं आता."

"तुम्ही बोळातून आलात तर त्या खोलीत मी पुन्हा बोळ आणला असं होईल. दार उघडं असतं. नुसतं आत जायचं."

त्या निघून गेल्या. दुपारी मी घरी आले तेव्हा त्या चुलीपाशी बसल्या होत्या, लुगड्याच्या सोग्याशी चाळा करत.

"कुठून गेलात?" मी विचारलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "पुढनं ते घर लय बारकं हाय गं."

"म्हणजे?"

"चाळीस वर्सं मला वाटत व्हतं, पुढं कायतरी लय मोठं आसंल, म्हनून आपल्याला नाय येऊ देत. आज बघितलं. धा पावलांचं माजघर हाय. भिताडाला चुना, येक पाट, येक समई. बस." त्यांचा आवाज चढला. "येवढ्यासाठी? येवढ्यासाठी मी चाळीस वर्सं त्या घानीतनं गेले?"

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या चिडल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तवा आपटला, पाण्याचा हंडा ढकलला, माझ्यावर ओरडल्या, कामावर गेलेल्या मुलावर ओरडल्या, वारलेल्या नवऱ्यावरही ओरडल्या. मी ऐकत हंडा परत जागेवर ठेवला. मास्तरांच्या पुस्तकात यावर काही असेल असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या प्रहरी जुन्या नाशकातल्या तिवंध्याकडचा एक माणूस आला आणि दाराबाहेर लांब उभा राहून त्यानं हाक दिली. त्याच्या भावजयीच्या कळा सुरू झाल्या होत्या. मी उठणार, तोच आत्याबाईंनी हातानं मला थांबवलं.

"व्हय, येतो आमी दोघी," त्या आतूनच म्हणाल्या. "पानी तापवाया ठिवा म्हनावं. बादली पुढच्या दाराशी आना."